दोन ठोके

छापखाना बंद असला की आक्कांना घरात चैन पडत नसे. खाली यंत्र धडधडत असले म्हणजे वरच्या मजल्यावरची फरशी किंचित थरथरे, कपाटातल्या कपबश्या आपापसांत कुजबुजत, आणि घराला नाडी आहे असे वाटे. त्या दिवशी सकाळपासून यंत्र गप्प होते, आणि ते गप्प होते आक्कांमुळेच.

शाई कालवून तयार होती. पहिला फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापायची पाने, लोखंडी चौकटीत आवळून यंत्रावर चढवलेला होता. मशीनमन हात पुसून बसला होता आणि पुसलेले हात पुन्हा पुसत होता. उणीव होती ती एका शब्दाची. प्रुफांच्या शेवटच्या पानावर आक्का स्वतःच्या हाताने ‘छापा’ असे लिहीत, खाली सही करीत, आणि मगच चाक फिरे. वडील गेल्यापासून या छापखान्यातून आक्कांनी न वाचलेली एक ओळही बाहेर पडलेली नव्हती. औषधाच्या बाटलीवर डकवायची चिठ्ठीसुद्धा नाही.

प्रुफे त्यांच्या पुढ्यात होती आणि वाचूनही झाली होती. त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, खिडकी लावून परत आल्या, आणि बसण्याआधीच ती उघडायला पुन्हा निघाल्या. पुस्तक परक्या माणसाचे असते तर एवढ्या येरझारा पडल्या नसत्या. साभार परत, आणि विषय संपला. पण पुस्तक धाकटीचे होते.

धाकटी ही त्यांची पाठची बहीण. केस पिकले तरी साऱ्या छापखान्याची ती धाकटीच राहिली होती. कामगार तिला धाकट्या बाई म्हणत आणि आक्कांचा मुलगा मावशी म्हणे. तिने संसार मांडला नाही. तिचे सारे आयुष्य दुसऱ्यांची पुस्तके तपासण्यात गेले. कोणाचे काने-मात्रे, कोणाची विरामचिन्हे, कोणाच्या नायिकेचे डोळे पहिल्या प्रकरणात घारे आणि सातव्यात काळे. जन्मभर तिने लोकांची लक्तरे शिवून दिली. आणि गेल्या वर्षी एके दुपारी, चहाचे कप उचलता उचलता, तिने टेबलावर कागदांचा एक गठ्ठा ठेवला. कोणाचे म्हणून आक्कांनी विचारले, तेव्हा ती म्हणाली की माझे. कशावर आहे असे विचारले, तेव्हा भिंतीकडे पाहत म्हणाली की भयकादंबरी आहे.

आक्का तेव्हा हसल्या नव्हत्या. हसायचे नाही एवढे कसब त्यांना नक्की होते. पण आज, प्रुफे वाचल्यावर, त्यांना रडावे की काय करावे ते कळेना.

कादंबरीत काय नव्हते? मिठागरांच्या कडेला एक अवाढव्य घर होते. त्या घरात अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा मालक होता. त्याच्या शुश्रूषेसाठी शहरातून आलेली परिचारिका होती, आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरणारी एक मुकी कारभारीण होती. एवढी सामग्री हाती असताना माणसाने वाचणाऱ्याला खुर्चीला खिळवून ठेवावे. इथे मात्र खिळे होते ते केवळ छापखान्यातले, शिशाच्या अक्षरांचे. चौथ्या प्रकरणात परिचारिका ‘त्या प्रसंगानंतर’ जिन्यावरून वर जायचे टाळते. प्रसंग कोणता, ते आधी कुठेच नाही. सहाव्या प्रकरणात अचानक कोणीतरी ‘मी’ म्हणून बोलू लागते, ते कोण, याचा थांगपत्ता नाही. मालकाचा मृत्यू होतो आणि कारभारीण एका भिंतीपुढे गुडघे टेकते. का, तर लेखिकेलाच ठाऊक. आणि या सगळ्या खड्ड्यांवर धुक्याचा मुरूम पसरलेला. अनामिक हुरहूर, अगम्य सावट, अव्यक्त निःश्वास. पान उलटावे तर निःश्वास. एका पानावर तर तिघे मिळून निःश्वास टाकत होते. दवाखाना म्हणावा तर तिथेही माणसे इतकी धापा टाकत नाहीत, असे आक्कांना वाटले, आणि बहिणीबद्दल असे वाटल्याचा त्यांना रागही आला.

पण खरे टोचत होते ते वेगळेच. ही कादंबरी आक्कांनी पूर्वी ऐकली होती.

आक्कांच्या घरात हस्तलिखिते डोळ्यांनी वाचत नसत, कानांनी वाचत. एकीने मोठ्याने वाचायचे, दुसरीने डोळे मिटून ऐकायचे. हा वडिलांचा शिरस्ता. खाली यंत्र गडगडत असल्यामुळे मध्ये बोलून उपयोग नसे, म्हणून वडिलांनी ठोक्यांची भाषा लावून दिली होती. ऐकणाऱ्याने टेबलावर एक ठोका दिला की थांब. दोन ठोके दिले की काट. वाचणाऱ्याने तिथल्या तिथे पेन्सिलीने तो मजकूर उडवायचा आणि पुढे जायचे. का म्हणून विचारायचे नाही. विचारत बसले तर पुस्तके कधी छापायची? वडिलांच्या पश्चात त्यांची जाड अंगठी आणि तो अधिकार दोन्ही आक्कांकडे आले. बाहेरचे लेखक या ठोक्यांना टरकून असत. एका कवीने तर म्हणे स्वप्नातही ते ठोके ऐकले होते आणि जागे होऊन दोन कडवी खोडली होती.

धाकटीने कादंबरी वाचून दाखवली तीही अशीच, दुपारच्या दुपार, थंडीच्या दिवसांत. आणि आक्कांना स्वच्छ आठवत होते की त्या दुपारी त्यांच्या अंगावर काटा आला होता. चहा निवत असे. संध्याकाळी जिन्यातून एकट्याने उतरताना त्या दिवा लावीत, आणि दिवा का लावला असे मुलाने विचारले तर गुडघ्याचे कारण सांगत. तो काटा आता कुठे गेला? कान म्हातारे झाले म्हणून फसले, की बहिणीच्या आवाजाने फसवले? की रक्ताच्या मायेने वाईटाला चांगले म्हटले? आक्का माया करीत, पण मजकुराच्या बाबतीत त्यांनी आजवर कोणाचीही गय केलेली नव्हती. स्वतःच्या नवऱ्याच्या प्रवासवर्णनाची केली नव्हती.

मुलगा वर आला. छापखान्याचा व्यवहार आता तोच पाही. कादंबरीचे ‘निःश्वासमहाल’ हे नाव त्यानेच ठेवले होते आणि मुखपृष्ठही त्यानेच काढून घेतले होते: चंद्र, वटवाघळे आणि मेणबत्ती घेतलेली बाई. अख्ख्या पुस्तकात एकही वटवाघूळ नव्हते. आक्कांनी ते दाखवून दिले तेव्हा तो म्हणाला होता की पुढच्या आवृत्तीत घालू.

त्याने दारातच विचारले की मशीनमनने किती वेळ बसायचे. आक्कांनी उलट विचारले की तू हे वाचलेस का. तो म्हणाला की वाचले, थोडे थोडे. कळले का? यावर त्याने खांदे उडवले.

“आई, नाही कळलं तर लोक त्याला खोल म्हणतात. तू कशाला जीव टांगणीला लावतेस?”

“विहिरीत पाणी नसलं तरी ती खोलच असते रे. लोक घागर घेऊन येतात.”

तो हलला नाही. मग जरा नरमाईने म्हणाला की मावशीने सकाळपासून दोनदा विचारले, आई काही म्हणाली का. ती खाली खिळ्यांच्या खणांवरची धूळ पुसत बसली आहे, आणि ते खण काल पुसलेले आहेत.

हेच तर संकट होते. ‘छापा’ लिहावे, तर धाकटीचे एकुलते एक पुस्तक असे बोळके, आंधळे होऊन बाजारात जाणार. ज्या लेखकांच्या चुका तिने आयुष्यभर काढल्या, ते सगळे आता बोट दाखवून हिशेब चुकता करणार. न लिहावे, तर ती एक शब्द बोलणार नाही, प्रुफे उचलून नेईल, आणि पुन्हा कधी लेखणी धरणार नाही. आक्का तिला ओळखून होत्या. लहानपणी एकदा गाताना तिला कोणी हसले होते. त्यानंतर घरात तिचा सूर कोणी ऐकला नाही.

“तिला वर पाठव,” आक्का म्हणाल्या. “आणि मूळ हस्तलिखित घेऊन ये म्हणावं.”

धाकटी आली ती हात पुसत. गठ्ठा टेबलावर ठेवून नेहमीच्या खुर्चीत, आक्कांच्या समोर बसली. चेहरा कोऱ्या कागदासारखा. तिने विचारले काहीच नाही. विचारणे तिच्या स्वभावातच नव्हते.

आक्कांनी बोलायची तयारी चांगली केली होती. सुरुवात गोड करायची, मध्ये खरे सांगायचे, शेवट पुन्हा गोड. पण तोंडाला गोडाची सवय नसल्यामुळे त्या थेट मधल्यावरच आल्या. म्हणाल्या की हे वाचताना मी रस्ता चुकले. सहाव्या प्रकरणात बोलणारे कोण आहे ते मला समजले नाही. आणि हे निःश्वास कोणी आयात केले?

धाकटीने मान हलवली. जणू तिला हे सारे ठाऊकच होते. शांतपणे म्हणाली की भोके राहिली होती, ती बुजवायला काहीतरी घालणे भाग होते, म्हणून शब्द घातले.

“शब्द नव्हे, भुसा भरलास. मेलेल्या वाघात भरतात तसा.”

“वाघ मेला होता हे खरं,” धाकटी म्हणाली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून आक्का अधिकच अस्वस्थ झाल्या. त्यांनी प्रुफे पुढे ओढली, पाने चाळली, मागे गेल्या, पुढे आल्या. अंगठी कागदांवर खरखरत होती. हवी ती जागा सापडेना. शेवटी प्रुफे ढकलून त्यांनी विचारले की एक भिंत होती ना? थंडीतल्या त्या दुपारी तू वाचली होतीस. परिचारिका तिला गाल लावते. ती भिंत कुठे गेली?

“काटली.”

“काटली? पुस्तकातली तीच एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली, आणि ती तू काटलीस? कोणाला विचारून?”

धाकटीने पहिल्यांदाच वर पाहिले.

“तूच काटायला सांगितलीस, आक्का.”

आक्का म्हणाल्या की शक्य नाही. धाकटी म्हणाली की दोन ठोके पडले होते. आक्का म्हणाल्या की तुला भास झाला असेल. त्यावर धाकटीने गठ्ठा उघडला आणि एकेक पान त्यांच्यापुढे धरले. पेन्सिलीच्या रेघा. इथे चार ओळी, तिथे अर्धे पान, पुढे सलग पाने नाहीतच. जिन्यावरचा प्रसंग गेलेला, म्हणून ‘त्या प्रसंगानंतर’ लोंबकळत राहिलेले. भिंतीपलीकडून बोलणारा ‘मी’ पहिल्यांदा तोंड उघडतो ते पान गेलेले, म्हणून सहाव्या प्रकरणात तो वाट चुकलेल्या पाहुण्यासारखा उगवलेला.

“असं मी का करीन?” आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, खाली गेला.

“का म्हणून विचारायचं नाही, असं आपल्याला शिकवलंय.”

“अगं, पण बाहेरचे लेखक भांडतात माझ्याशी. एक ओळ गेली तर महिनाभर अबोला धरतात. तुला एकदाही वाटलं नाही की विचारावं?”

धाकटी म्हणाली की वाटले होते, भिंतीच्या वेळी वाटले होते. पण मग तिने मनाशी म्हटले की आक्काचा कान आजवर चुकला नाही. माझ्याच पुस्तकाच्या वेळी तो चुकला असे मी म्हणू लागले, तर माझ्यात आणि त्या कवीत फरक काय?

हे ऐकून आक्कांना बसवेना. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या, पुन्हा बसल्या. आपण ठोके दिले नाहीत, हे त्यांना शपथेवर सांगता आले असते. पण रेघा समोर होत्या, आणि धाकटीने आयुष्यात एक स्वल्पविराम कधी खोटा टाकला नव्हता. दोन्ही खरे कसे असावे?

“भिंत म्हणून दाखव,” त्या म्हणाल्या. “आठवत असेल ना?”

धाकटीला ती पाठ होती. तिने हात मांडीवर ठेवले आणि कागदाशिवाय सांगू लागली. आक्कांनी सवयीने डोळे मिटले.

मिठागरांच्या कडेचे ते घर. मीठ भिंतींत शिरलेले, त्यामुळे सगळ्या भिंती ओल्या आणि बेडकाच्या पाठीसारख्या गार. फक्त वरच्या मजल्यावरच्या बोळातली एक भिंत उबदार. तिच्या पलीकडे चूल नाही, धुराडे नाही. पलीकडे खोली असल्याचेच कोणी कबूल करीत नाही. परिचारिका आधी दचकते, मग सरावते. थंडी हाडात शिरलेली असते. कारण शोधत बसायला तिला सवड नसते. रोज सकाळी मालकाकडे जाण्याआधी ती त्या भिंतीला गाल लावून उभी राहते. गाय कुशीला घेते तशी ती भिंत तिला घेते. ऊब नेमकी तिच्या गालाच्या उंचीवर असते, हे चांगलेच झाले असे तिला वाटते. असे का, हे मात्र वाटत नाही.

धाकटीचा आवाज बारीक होत चालला. एके सकाळी परिचारिका गाल लावते, आणि भिंत गार असते. ती वर चाचपते, बाजूला चाचपते. मग हात खाली खाली नेते. ऊब आहे, पण ती कमरेच्याही खाली सरकलेली आहे. आणि तळवा तिथे टेकून ती ओणवी उभी असताना तिच्या ध्यानात येते की पलीकडचे जे कोणी इतके दिवस तिच्याबरोबर उभे राहत होते, ते आज थकून खाली बसले आहे.

टक. टक.

धाकटी थांबली. आक्कांनी डोळे उघडले. दोघींनी एकदमच टेबलाकडे पाहिले. आक्कांचा उजवा हात तिथे पडला होता, बोटे अजून उचललेली, अंगठी कलती. कुत्र्याने आपल्याला न विचारता परक्यावर भुंकावे आणि मग आपल्याकडे पाहावे, तसा तो हात त्यांच्याकडे पाहत होता.

आक्कांनी हात उचलून उलटसुलट पाहिला. छातीत अजून धडधड होती. ती जशी छातीत झाली तशीच हातात उतरली होती, आणि त्यांना कळलेही नव्हते. जिथे जिथे काळजाचा ठोका चुकला, तिथे तिथे टेबलावर दोन ठोके पडले होते. आणि समोर बसलेल्या बाईने, जिला या घरात आज्ञा पाळण्यापलीकडे कोणी काही शिकवले नाही, तिने नेमके तेवढेच उचलून फेकून दिले होते. उरले होते ते, जे ऐकताना आक्का स्वस्थ बसल्या होत्या.

“दुष्ट हात मेला,” आक्का पुटपुटल्या. मग विचारले, “काटलेली पानं कुठायत?”

पण उत्तर त्यांना ठाऊकच होते, आणि ते आठवताच त्या उठून जिन्याकडे निघाल्याही. यंत्राच्या रुळावर, छापायच्या कागदाच्या मागे, जुन्या कागदांची एक गादी घालावी लागते, म्हणजे ठसा नीट उमटतो. त्या छापखान्यात ही गादी काटलेल्या पानांची करीत. काटलेल्या मजकुराचा याहून चांगला उपयोग नाही, असे वडील म्हणत, आणि आक्काही मोठ्या तोऱ्याने ते लेखकांना ऐकवीत.

जिना उतरताना त्यांनी कठडाही धरला नाही. मशीनमन धडपडून उभा राहिला. त्याला वाटले की चाक फिरवायचा हुकूम आला. आक्कांनी रुळाची गादी काढायला सांगितली. मुलगा धावत आला, आई हे काय म्हणून विचारू लागला. त्याला त्यांनी हातानेच गप्प केले. गादीतले कागद एकेक करून सुटे झाले. बहुतेक पाने कोणाकोणाची. शेवटी एक पान धाकटीच्या अक्षरातले निघाले. आक्का ते घेऊन दाराच्या उजेडात गेल्या. थंडीपासून त्या पानाच्या पाठीवर शाळेचे एक गणिताचे पुस्तक, दोन पंचांगे आणि कुठल्याशा बागकाम मंडळाचा अहवाल छापला गेला होता. खिळ्यांनी दाबून दाबून कागदाची चाळण झाली होती. बोटाखाली आकडेच आकडे लागत होते. अक्षर पाहायला जावे तर ‘ऊब’ एवढा एक शब्द ओळखू आला, आणि पान घडीवरून फाटले.

मशीनमनने विचारले की बाई, बाकीची शोधू का? आक्का नको म्हणाल्या.

धाकटी त्यांच्यामागून उतरली होती आणि खिळ्यांच्या खणांना टेकून उभी होती. आक्कांनी तिच्याकडे न पाहता मुलाला सांगितले की फर्मा उतरव. तो म्हणाला की मुखपृष्ठे छापून झाली आहेत. आक्का म्हणाल्या की उत्तम, रुळाला गादी लागतेच आहे. मग त्या बहिणीकडे वळल्या, आणि गेली कित्येक वर्षे ज्या आवाजात त्यांनी घर चालवले त्याच आवाजात म्हणाल्या की भिंत तुला पाठ आहे. बाकीचेही आठव, नाही आठवले तर नव्याने लिही, निःश्वास सगळे काढ, आणि उद्यापासून दुपारी वाचून दाखव. हात मी बांधून बसेन.

“नाही,” धाकटी म्हणाली.

मशीनमनने मान खाली घातली. मुलाने छताकडे पाहिले. त्या इमारतीत आक्कांना हा शब्द फारसा कोणी ऐकवलेला नव्हता.

“लिहीन मी,” ती म्हणाली. “पण वाचून दाखवणार नाही. वाचताना माझं अर्धं लक्ष तुझ्या हाताकडे असतं, आक्का. बांधलास तर सगळंच असेल. छापून झाल्यावर वाच. दुकानातून घेऊन, लोकांसारखी.”

“मी न वाचता छापायचं?”

“तू बघ. छापखाना तुझा आहे.”

एवढे बोलून ती वर गेली. तिच्या खोलीचे दार लागल्याचे खाली ऐकू आले. आपटून नव्हे, नीट, कडीसकट.

त्यानंतरची दुपार आक्कांनी कशी काढली ते घरातल्या भांड्यांना विचारावे. त्यांनी कपबश्या काढून पुन्हा लावल्या. मुलाला दोनदा बोलावून दोनदा परत पाठवले. मजकुराच्या बाबतीत कोणाची गय करायची नाही, हे ब्रीद. पण न पाहिलेल्या मजकुराला होकार द्यायचा, हे कुठल्या ब्रीदात बसवायचे? पुन्हा भुसा भरला तर? भिंत एकदा साधली म्हणून जिना साधेल कशावरून? आणि नाही साधला, तर सही कोणाची जाणार? वडिलांनी काय म्हटले असते, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटले की वडिलांनी काहीही म्हटले असते तरी त्यांनी भिंत ऐकलेली नव्हती.

त्या उठून धाकटीच्या खोलीबाहेरच्या बोळात गेल्या. आत कागद सरकल्याचा आवाज होता. लेखणी थांबे, पुन्हा चाले. मध्येच ती स्वतःशी काही म्हणत होती, पण शब्द कळत नव्हते. आक्कांनी कान दाराला लावला, आणि आपण भिंतीला गाल लावून उभ्या आहोत असे वाटून चटकन मागे झाल्या. त्यांचा हात दाराकडे निघाला होता. दुसऱ्या हाताने तो त्यांनी मनगटाशी धरला.

मग त्या आपल्या टेबलाशी परत आल्या. खणातून एक कोरा कागद काढला. वर काही नाही, मध्ये काही नाही. तळाशी त्यांनी आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिले: ‘छापा’. आणि खाली सही केली. सही करताना हात थोडा थांबला, पण सही वाकडी आली नाही. शाई वाळेपर्यंतही धीर न धरता त्या बोळात गेल्या, गुडघ्यांना चार शब्द सुनावून खाली वाकल्या, आणि तो कागद दाराखालच्या फटीतून आत सरकवला.

आतली लेखणी थांबली. कागद उचलल्याचे ऐकू आले.

आक्का ओणव्याच राहिल्या होत्या. कमरेत कळ येत होती. काय हे, एवढा मोठा कागद दिला, तर पोरीने निदान दार तरी उघडावे, असे त्यांच्या अगदी ओठांवर आले. आणि तेवढ्यात दारावर आतून ठोका पडला. अंगठीचा नव्हे, बोटाच्या पेराचा, हलका, पण स्पष्ट.

आक्का श्वास रोखून दुसऱ्याची वाट पाहत राहिल्या. दुसरा पडला नाही.

एकच होता. थांब.

लेखणी पुन्हा चालू लागली. आक्कांनी इकडेतिकडे पाहिले, आपल्याला कोणी पाहत नाही ना याची खात्री केली, आणि भिंतीला पाठ टेकून सावकाश खाली बसल्या.